दिवाणातलं तेल कुठे गेलं

पनवेलजवळ करंजाड्याला राहायला आलो तेव्हा आमच्या घरात महिन्याचं सामान महिन्याला यायचं आणि महिन्याला संपायचं. मग कधीतरी, नेमकं कधी ते मला सांगता येणार नाही, ते संपेनासं झालं. साखरेचा डबा तळाला गेला की दुसऱ्या दिवशी भरलेला असायचा, पण साखर आणताना मी कुणाला बघितलेलं नसायचं. आंघोळीला बसल्यावर साबण संपला म्हणून हाक मारली, की बायको दाराच्या फटीतून नवी वडी आत सरकवायची. दर वेळी वेगळा रंग, वेगळा वास.

एका रविवारी पाहुणे यायचे होते म्हणून जास्तीची गादी काढायला मी दिवाण उघडला. गादीखाली प्लास्टिकच्या टबात तेलाच्या सात पिशव्या, एकेक लिटरच्या. शेजारी रबर लावलेले टूथपेस्टचे गठ्ठे, चहाचे पुडे, कपडे धुण्याची पावडर आणि बुटांचं एक खोकं. खोक्यात कुपनं होती. वर्तमानपत्रातून कापलेली, बिलाच्या मागे छापलेली, खोबरेल तेलाच्या बाटलीच्या गळ्यातली. मुदत संपण्याच्या तारखेप्रमाणे लावून त्यांना कपड्यांचे चिमटे मारून ठेवले होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ऑफर होती," ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

"सात लिटर?"

"एका बिलावर दोनच देतात. चारदा गेले."

"मग आठ हव्यात."

"एक वापरली."

उत्तरं फार पटापट येत होती. आधीच तयार करून ठेवलेलं उत्तर असंच पटकन येतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. या बाबतीत मी स्वतः थोडा जाणकार आहे, पण ते पुढे सांगतो.

मी तेव्हा तळोज्याच्या एका रसायनांच्या कंपनीत स्टोअर सांभाळत होतो. माल किती आला, किती गेला, शिल्लक किती, हेच वीस-बावीस वर्षं केलेलं. त्यामुळे बुधवारी मी सहज दिवाण उघडला आणि तेलाच्या दोनच पिशव्या दिसल्या, तेव्हा मला राहवेना. तीन दिवसांत दोन माणसांच्या घरात पाच लिटर तेल कुणी खात नाही. चहाचे पुडेही गेले होते. म्हणजे माल येत होता आणि जातही होता, फक्त कुठे जातो ते मला कळत नव्हतं.

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा तसंच पटकन उत्तर आलं असतं. त्याऐवजी मी स्टोअरमध्ये करतो तेच केलं. पुढच्या रविवारी ती खाली भाजी आणायला गेली असताना नव्या आलेल्या प्रत्येक पाकिटाच्या तळाशी पेन्सिलीनं बारीक ठिपका दिला. तेलाच्या पिशव्यांवर पेन्सिल उठेना, तिथे बॉलपेन वापरलं. मंगळवारी बघतो तर निम्मं सामान गेलेलं, आणि उरलेल्या पाकिटांवरचे ठिपके कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसलेले.

दुसऱ्या दिवशी कंपनीत जेवायला बसलो, डब्याचं झाकण उलटं केलं, तर झाकणाच्या आतल्या बाजूला बॉलपेनचा एक बारीक ठिपका. शेजारच्यानं विचारलं, "काय झालं, भाजी आवडली नाही?" मी म्हटलं, "छान आहे."

त्यानंतर मला फोन सापडला. तांदळाच्या कोठीत काहीतरी घरघरत होतं. आधी वाटलं, उंदीर शिरला. हात घातला तर खाली पिशवीत गुंडाळलेला बटणांचा जुना फोन, दोन सिमकार्डांचा. ती सोसायटीच्या हळदीकुंकवाला गेली होती. मी फोन उघडला. ओटीपी, ओटीपी, ओटीपी, नुसती आकड्यांची रांग. कुणाकुणाच्या नावानं स्वागताचे मेसेज. त्यातलं एक नाव माझ्या सासूबाईंचं होतं, आणि त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. शेवटचा मेसेज 'उ' एवढंच नाव असलेल्या नंबरावरून आला होता. 'उद्या नको. गुरवारी या. शटर अर्धा असंल. मागून या.'

फोन होता तसा गुंडाळून मी तांदळात परत खुपसला. हाताला लागलेलं तांदळाचं पीठ दोनदा धुतलं.

माणसाच्या डोक्यात काय काय येतं ते लिहायला लाज वाटते. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर मी आरशासमोर उभा राहून माझं पोट बघितलं, एवढंच सांगतो. मग मनाशी म्हटलं, तसं नसेल. माहेरी पाठवत असेल. नाहीतर सामान विकत असेल. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला फोन लावला.

"आई तुला काही पाठवते का गं? तेल, साबण वगैरे?"

"बाबा, साबण कशाला पाठवेल? इथे दहा मिनिटांत घरी येतो." मग तिनं विचारलं, "बाबा, तुमचं सगळं ठीक आहे ना? म्हणजे कंपनीत वगैरे?"

"कंपनीचा काय संबंध?"

"काही नाही. सहज विचारलं."

मला ते सहज वाटलं नाही. कारण कंपनीत खरंच ठीक नव्हतं. आमचा विभाग गुजरातला हलवणार अशी कुजबुज सुरू झाली होती. दोन परके लोक येऊन यंत्रांचे फोटो काढून गेले होते. घरी मी यातलं काही सांगितलं नव्हतं. पक्कं काही नसताना कशाला बोला, असं मी स्वतःला समजावत होतो. आता हिला कुठून कळलं? आणि हिला कळलं असेल, तर हिच्या आईला?

गुरुवारी मी रजा टाकली. रोजच्यासारखा डबा घेतला, स्कूटर काढली आणि बसथांब्याच्या पुढे शहाळ्यांच्या टेम्पोआड जाऊन उभा राहिलो. शहाळेवाल्यानं माझ्याकडे दोनदा बघितलं, म्हणून नको असताना एक शहाळं प्यालो. सव्वाअकराला बायको आली. दोन्ही हातांत निळ्या पिशव्या, दोन्ही भरलेल्या. म्हणजे घरून माल बाहेर चालला होता. उलव्याची बस आली, ती चढली.

बसच्या मागून स्कूटर चालवणं सोपं वाटतं, पण तसं नाही. दर थांब्यावर आपणही थांबायचं आणि मोबाइल बघतोय असं दाखवायचं. गव्हाण फाट्याजवळ कंटेनरची रांग मध्ये घुसली आणि बस दिसेनाशी झाली. मी धूळ खात पुढे गेलो. नवे टॉवर सुरू होण्याआधी एका जुन्या गावठाणाच्या थांब्यावर ती उतरलेली दिसली. ती आत वळली, एका दुमजली घराला वळसा घालून मागे गेली. तिथे एक गाळा होता. शटर अर्धं वर होतं. ती वाकून आत शिरली.

मी हेल्मेट न काढता भिंतीला धरून उभा राहिलो. आतून बायकांचे आवाज येत होते, आणि एका बाईचं हसणं. पुरुषाचा आवाज नव्हता. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मग वाटलं, पुरुष असेल तर तो गप्प बसलेला असेल.

"ओ, कोन पायजे?"

मागे एक बाई उभी होती, पन्नाशीची, कासोटा घातलेली, हातात पाण्याची बादली.

"कोणी नाही," मी म्हणालो.

"दुकानाचा मानूस हाय काय तुमी?"

"नाही, नाही."

"मग टोपी काढा ना ती. आमी तोंड तरी बघू."

मी हेल्मेट काढलं. तिनं मला नीट निरखून घेतलं, पण बादली खाली ठेवली नाही.

"माझी बायको आत आहे," मी म्हणालो.

"सगल्यांच्या बायका आतच हायत. तुमची कंची?"

नाव घ्यावं की नाही ते मला सुचेना. "निळ्या पिशव्या घेऊन आली ती," मी म्हणालो.

"बायकोला पिशव्यांवरनं वलखता?" असं म्हणून तिनं पायानंच शटर वर ढकललं आणि आत ओरडली, "अगं, निल्या पिशव्यांवाली कोन? मालक आलंय तुजं."

आत चार बायका होत्या. एकीनं मला बघताच मांडीवरच्या कुपनांच्या ढिगावर ओढणी टाकली. भिंतीला लोखंडी मांडण्या होत्या, पूर्वी त्यांवर मासळीच्या पेट्या ठेवत असणार, कारण वास अजून गेला नव्हता. आता त्यांवर डाळी होत्या, तांदूळ, तेल, साबण, मीठ. प्रत्येक खणाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. माझी बायको उलट्या पेटीवर बसली होती. तिनं माझ्याकडे वर बघितलं. घाबरली नाही.

"आज सुट्टी होती?" तिनं विचारलं.

"रजा टाकली."

"डबा तर नेलात."

बादलीवाल्या बाईनंच मग सगळं सांगितलं. मेसेजमधलं 'उ' म्हणजे हीच, हे तिच्या बोलण्यावरूनच कळलं. पूर्वी ती ताजी मासळी विकायची. आता खाडीत पूर्वीसारखं मिळत नाही, नवरा बंदरावर कामाला जातो आणि गाळा रिकामाच होता. तेवढ्यात उलव्यात एक मोठं दुकान उघडलं. नव्या गिऱ्हाइकांना कुपनं, बिलावर पुन्हा कुपन, एका नंबरावर महिन्याला एकदाच. करंजाडे, खारघर, इकडून तिकडून बायका यायच्या आणि बसथांब्यावर उभ्या राहून आपापली कुपनं एकमेकींशी बदलायच्या. हिला साबणाचं नको, तिला डाळीचं हवं. इतकं ओझं लगेच घरी कसं न्यायचं, म्हणून या सगळ्यांनी बाईचा गाळा धरला. गाळा बंद असला की माल तेवढ्यापुरता घरी न्यायचा आणि पुढच्या खेपेला इथे आणून ठेवायचा. भाडं म्हणजे दर खेपेला प्रत्येकीनं एक पुडा बाईला द्यायचा.

"पन माजा इस्वास नाय," ती म्हणाली. "कागुद देऊन साखर सस्ती भेटते, याच्यात कायतरी गोम हाय. मी दर पाकीट माज्या काट्यावर घालते. येक डालीचं पाकीट चालीस ग्राम कमी भरलं. मी ते फोडू दिलं नाय. तसंच परत न्हेलं."

"मग बदलून दिलं?"

"दिलं ना. पन दुसरं पन मी तितंच काट्यावर घातलं."

मी बायकोच्या खणाकडे बघितलं. खाली तांदळाच्या दोन गोण्या. वर तेलाच्या पिशव्या, त्यांतल्या एका पिशवीवर माझ्या बॉलपेनचा ठिपका अर्धा पुसलेला. तूरडाळ, साबुदाणा, रवा. एका कोपऱ्यात मी दाढीला वापरतो त्या क्रीमच्या सहा ट्यूबा आणि माझ्या पित्तावरच्या गोळ्यांच्या पट्ट्या. बाकी तिघींच्या खणांत मिळून जेवढं होतं, त्याहून हिच्या एकटीच्या खणात जास्त होतं.

परत येताना ती स्कूटरवर मागे बसली. गव्हाण फाट्यावर मी सरबताच्या गाडीशी थांबलो. घरी पोचेपर्यंत मला धीर नव्हता.

"घरात जागा नव्हती का?" मी विचारलं.

"होती."

"मग इतक्या लांब कशाला? गेलेल्या आईच्या नावानं नोंदणी, तांदळात फोन... मला काय काय वाटलं, तुला कल्पना आहे?"

तिनं सरबताचा ग्लास गाडीवर ठेवला. "तुम्ही त्या वर्षी पाच महिने डबा घेऊन कुठे जायचात?"

आता मला ते सांगायला हवं. या कंपनीच्या आधी मी दुसऱ्या कंपनीत होतो. ती एका सोमवारी बंद झाली. मी घरी सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचो. वडाळे तलावाच्या काठी बसायचो, ऊन वाढलं की वाचनालयात. जुनी ठेव मोडून दर महिन्याला पगार म्हणून पैसे द्यायचो, दर महिन्याला थोडे कमी, आणि ओव्हरटाइम बंद झाला असं सांगायचो. पाच महिन्यांनी ही नोकरी लागली, तेव्हा म्हणालो की जास्त पगार मिळाला म्हणून कंपनी बदलली. ती पेढे घेऊन आली होती. मला वाटत होतं, मी तिला त्या काळजीतून वाचवलं. खरं म्हणजे मला त्याचा थोडा अभिमानही होता.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"दुसऱ्या आठवड्यात. तुमच्या शर्टाला कंपनीचा वास येईना. आधी दोन-दोनदा भिजवूनही जात नसे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली. मग पेढे आणले. मग वाट बघणं सोडलं आणि सामान जमवायला लागले."

कंटेनर इतके जवळून जात होते की मध्येच बोलणं थांबवावं लागत होतं. मी म्हटलं, "पण ते घरात ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? निदान मला आधार वाटला असता."

"म्हणूनच नाही ठेवलं. घरात चार महिन्यांचं सामान आहे हे तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही पुन्हा चार महिने गप्प बसला असतात."

तिनं ग्लास उचलला, सरबत संपवलं आणि तोंड पुसत विचारलं, "आता काय चाललंय कंपनीत? फोटो काढायला आले होते म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"खारघरच्या बाईचे मिस्टर तुमच्या शेजारच्या प्लांटला आहेत. पिवळ्या चिंधीवाली, ओढणी टाकली ती."

मग मी सगळं सांगितलं. जेवढं ठाऊक होतं तेवढं आणि जेवढी शंका होती तीही. ती मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती, तारखा विचारत होती. मी एकदा चुकून तोच प्रसंग वेगळ्या पद्धतीनं सांगितला, तर तिनं लगेच पकडलं. "मघाशी तुम्ही म्हणालात, मंगळवारी आले होते." मी म्हटलं, "मंगळवारीच." त्या दुपारी मी कंपनीपेक्षा तिला जास्त घाबरलो.

आमचा विभाग पुढच्या दिवाळीनंतर हलला. मला गुजरातला जायचं नव्हतं आणि त्यांनाही मी फारसा नको होतो. नोटीस हातात पडल्यावर मी गेटवरूनच तिला फोन केला. ती म्हणाली, "नक्की ना? की आधीच कळलं होतं आणि आज सांगताय?" मी नोटिशीचा फोटो काढून पाठवला. तिनं तो मोठा करून तारीख बघितली असणार, कारण उत्तर यायला वेळ लागला.

गाळ्यातलं सामान आम्ही हळूहळू घरी आणलं. माझी स्कूटर आणि तिच्या दोन पिशव्या. सगळंच कामाला आलं नाही. तूरडाळीच्या तीन पाकिटांत किडे झाले होते. गच्चीवर जुन्या चादरीवर डाळ पसरून आम्ही दोघं ती निवडत बसलो. साबुदाण्याला कुबट वास आला होता, तो टाकावा लागला. टाकताना तिला रडू आलं. नोटीस आली त्या दिवशीही ती रडली नव्हती. तेल, तांदूळ, साबण मात्र पुरले. जवळजवळ चार महिने आम्ही भाजी आणि दूध सोडून फारसं काही विकत घेतलं नाही. पैसे कसे पुरतील या विचारानं माझी झोप एकाही रात्री उडाली नाही. तिला झोप लागायची की नाही, ते मी विचारलं नाही.

मग उलव्याच्याच बाजूला एका गोदामात मला काम मिळालं. पगार कमी, पण काम ओळखीचं. खोक्यांच्या गोदामाला वास नसतो, त्यामुळे तिची पंचाईत झाली आहे. धुवायला टाकण्याआधी ती अजूनही माझा शर्ट नाकाशी नेते. मी बघितलं तरी लपवत नाही. मी महिन्याची पगाराची चिठ्ठी तिच्यासमोर टेबलावर ठेवतो. ती वाचते, आणि मग बँकेचा मेसेज दाखवा म्हणते.

गाळा अजून चालू आहे. मासळीवाल्या बाईंनी आता भिंतीला दुसरी मांडणी लावली आहे. गोदामातून सुटल्यावर मी कधी कधी बायकोला आणायला तिथे जातो. तिच्या खणात काय आहे ते मला दिसतं, पण तेवढंच आहे का, याबद्दल मला शंका आहे. कोपऱ्यात एक खण जुन्या गोणपाटानं झाकलेला असतो, त्याला चिंधी नाही. मी एकदा बाईंना विचारलं, "हा कुणाचा?" त्या म्हणाल्या, "तुमाला काय करायचाय?" बायको त्या वेळी कुपनं मोजत होती. तिनं मान वर केली नाही.

आता त्या मोठ्या दुकानात मी तिच्याबरोबर जातो. एका गिऱ्हाइकाला दोनच पिशव्या तेल देतात, म्हणून ती पुढे उभी राहते आणि मी मध्ये दोन माणसं सोडून मागे. माझ्या हातात माझं कुपन, माझ्या नंबरावरचं. मागच्या महिन्यात काउंटरवरच्या मुलीनं माझं बिल करता करता दाराशी थांबलेल्या बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आमच्या दोघांच्या एकसारख्या निळ्या पिशव्यांकडे.

"काका, तुम्ही दोघं एकत्र आहात का?" तिनं विचारलं.

मी बायकोकडे बघितलं. ती ऐकत होती. मी काय म्हणतो याची वाट बघत होती.

"नाही," मी म्हणालो.

मुलीनं कुपन दिव्यासमोर धरून बघितलं आणि शिक्का मारला.